टीव्ही किती उजळ ठेवायचा? (घरात रोज रिमोटवरून वाद होऊन राहिलेत, नागपूरकरांनो सांगा)

अबोली_मनीषनगर | १० मे, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवस झाले नवा टीव्ही घेऊन, ५५ इंची. आणि पंधरा दिवसांपासून घरात हा एकच विषय. बाबांना टीव्ही व्हिव्हिड मोडवरच पायजे. मैदान हिरवंगार, आभाळ निळंभोर, सगळं कसं झगझगीत. मी रात्री भांडी आवरून बसते आणि फिल्ममेकर मोड लावते, कारण त्यात मला माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतात आणि डोळे चुरचुरत नाहीत. सकाळी बाबा उठले की पहिलं वाक्य, "टीव्ही कोणी पिवळा करून ठेवला?" आणि रिमोट घेऊन परत व्हिव्हिड.

दुकानात मात्र आमचं सगळ्यांचं एकमत झालं होतं. बर्डीवरच्या एका दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले, सगळ्यांवर एकच व्हिडिओ चालू, आणि आम्ही चौघांनी एकाच टीव्हीकडे बोट दाखवलं. जो सगळ्यात उजळ होता तोच. तोच घरी आणला, आणि घरी आल्यावर तोच मला खुपायला लागला.

तर प्रश्न असा की "बरोबर" असं काही चित्र असतं का, की ज्याला जे आवडेल ते? आणि सेटिंगमध्ये बॅकलाइट, ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट अशा तीन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत, त्यांचा फरक कोणी नीट समजावून सांगेल का? आई म्हणते मला दोन्ही चालते, फक्त भांडू नका.

---

तर्रीपोहा | १० मे, रात्री ११:१८

काकांच्या बाजूने एक मत. पैसे पूर्ण दिले तर रंग पूर्ण वसूल करायचे न!

---

एडिट_टेबल_प्रतापनगर | १० मे, रात्री ११:५२

अबोलीताई, दुकानात जे झालं ते सगळ्यांचंच होतं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोरच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात छताला पांढरेफटक दिवे असतात, सगळे टीव्ही शोरूमच्या मोडमध्ये बॅकलाइट फुल करून ठेवलेले, आणि मुख्य म्हणजे ते शेजारी शेजारी असतात. शेजारी ठेवले की डोळा दुसरं काही पाहतच नाही, जो उजळ तो छान आणि बाकीचे मळकट. तोच मळकट वाटणारा टीव्ही एकटा घरी आणून लावला असता तर तुम्हाला तो मळकट आहे हे कळलंही नसतं.

दुसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. व्हिव्हिडमधला पांढरा हा खरा पांढरा नसतो, त्यात निळा ओतलेला असतो, कारण निळसर पांढरा जास्त उजळ आणि "स्वच्छ" वाटतो. कपड्याला नीळ देतात तेच तत्त्व. आम्ही व्हिडिओचे रंग ठरवतो ते ६५०० केल्विनच्या पांढऱ्यावर, म्हणजे साधारण दिवसाच्या उजेडाचा पांढरा. फिल्ममेकर मोड तोच पांढरा दाखवतो. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांनी मिळून तो मोड आणला तो ह्यासाठीच, की एका बटणात सगळी रंगरंगोटी बंद व्हावी. बाबांचे डोळे दिवसभर निळ्या पांढऱ्याला सरावलेले, त्यावरून एकदम खऱ्या पांढऱ्यावर आलं की तो पिवळाच दिसणार. चारपाच दिवस कोणी मोड बदलला नाही तर तो पिवळेपणा आपोआप जातो.

तेव्हा बरोबर चित्र असतं. ज्याने बनवलं त्याने जे पाहून बनवलं ते बरोबर.

---

समीर_बेसा | ११ मे, सकाळी ७:४०

हे मला नाही पटलं एडिटभाऊ. बनवणारा अंधाऱ्या खोलीत दोन लाखांच्या मॉनिटरवर बसून बनवतो, आणि पाहणारा हॉलमध्ये, ट्यूबलाइट चालू, खिडकी उघडी, पोट्टे मध्ये नाचून राहिले. मग बनवणाऱ्याचं बरोबर ते माझ्या हॉलमध्ये कसं काय बरोबर राहील? २०१९ मधलीच गोष्ट आठवा, एका जगभर गाजलेल्या मालिकेत रात्रीच्या लढाईचा भाग आला होता आणि अर्ध्या जगाने तक्रार केली की काहीच दिसून नाही राहिलं. बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की आमचं बरोबर आहे, तुमची सेटिंग चूक. अरे पण लोकांना दिसलंच नाही तर कोणासाठी बनवलं?

पाहणाऱ्याला जे आवडलं ते बरोबर. डोळे त्याचे आहेत.

---

महालच्या_काकू | ११ मे, सकाळी ९:१५

तुमच्या त्या ६५०० वरून आठवलं. आम्ही साडी घ्यायला गेलो की दुकानातल्या दिव्याखाली कधीच रंग ठरवत नाही. साडी उचलायची, दुकानाच्या दारात जायचं आणि दिवसाच्या उजेडात उलगडून पाहायची. आत मोरपंखी वाटलेली बाहेर भलतीच निघते. दुकानदारच म्हणतो, काकू बाहेर पाहून या. माझ्या सासूबाईही असंच करायच्या, तेव्हा कुठे केल्विन अन् काय.

म्हणजे दिवसाच्या उजेडातला रंग खरा मानायचा, हे आम्हाला आधीपासूनच माहीत होतं.

---

एडिट_टेबल_प्रतापनगर | ११ मे, सकाळी ९:३१

काकू, अगदी तेच! टीव्हीचा पांढरा ठरवला तोही दिवसाच्या उजेडावरूनच. पुढच्या वेळी गिऱ्हाईकाला समजवायला तुमचं उदाहरण वापरतो.

---

जुनी_पिक्चरट्यूब | ११ मे, सकाळी ११:०२

त्या तीन पट्ट्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी इतवारीत सत्तावीस वर्षं टीव्ही रिपेरिंग केलं, ब्लॅक अँड व्हाइटपासून. तेव्हा सेटला दोन गोल बटणं राहायची, ब्राइटनेस अन् कॉन्ट्रास्ट. दोन्ही नावं फसवी, आणि तीच फसवी नावं आजही चालू आहेत.

ब्राइटनेसने उजेड वाढते असं सगळ्यांना वाटते. त्याचं खरं काम म्हणजे काळा किती काळा ते ठरवणं. वाढवला की काळा करडा होते, चित्रावर धुकं पसरल्यासारखं. कमी केला की काळ्यातलं सगळं बुडते, केसाची बट नाही दिसत, कोटाची घडी नाही दिसत. कॉन्ट्रास्ट ही पांढऱ्याकडची बाजू. कमी असला की चित्र मेलेलं, जास्त केला की पांढऱ्या सदऱ्याच्या सुरकुत्या गायब, नुसता पांढरा डाग राहते. तिसरी पट्टी बॅकलाइट, ती आमच्या वेळी नव्हतीच, ट्यूब स्वतःच पेटायची. एलईडी टीव्हीत मागचा दिवा किती जाळायचा ते ही पट्टी ठरवते. म्हणजे उजेड कमी पडला तर बॅकलाइट वाढवायचा, ब्राइटनेसला हात लावायचा नाही. दहातले आठ लोक उलटं करतात.

सेटिंग करायची माझी पद्धत सांगतो. बातम्या लावायच्या. काळ्या केसांचा माणूस पाहायचा. ब्राइटनेस इतका कमी करायचा की केसांचा नुसता काळा गोळा होईल, मग हळूहळू वाढवत केसांची रेघ दिसायला लागली की तिथंच थांबायचं. मग पांढऱ्या शर्टवाला शोधायचा आणि कॉन्ट्रास्ट वाढवत जायचा, कॉलरची शिवण दिसेनाशी झाली की दोन घरं मागं यायचं. झालं.

त्या काळात लोक टीव्हीसमोर निळा प्लास्टिकचा कागद लावायचे. काही जण रंगीबेरंगी लावायचे, वर निळा अन् खाली हिरवा, म्हणजे आभाळ अन् जमीन. १९८२ मध्ये एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, पण आमच्या मोहल्ल्यात पुढची कितीतरी वर्षं तोच कागद रंगीत टीव्ही होता. त्या कागदाने उजेड कमीच व्हायचा, तरी लोक म्हणायचे चित्र चांगलं दिसते. मला हे कोडं कधी सुटलं नाही.

---

अबोली_मनीषनगर | ११ मे, दुपारी १:२०

काका, हे इतकं सोपं करून कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ता जाऊन पाहिलं, आमच्याकडे कोणीतरी ब्राइटनेस ७० वर नेऊन ठेवला होता. धुकं तेच.

---

फिजिक्स_मॅडम | ११ मे, दुपारी २:४५

पिक्चरट्यूबदादा, तुमचं कोडं मी सोडवते. तीस वर्षं कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे राहवत नाही.

खिडकीचा उजेड त्या कागदातून आत जातो, काचेवर आपटतो आणि परत कागदातूनच बाहेर येतो. म्हणजे दोनदा गाळला जातो. चित्राचा उजेड मात्र एकदाच गाळला जातो. समजा कागद निम्मा उजेड खातो. चित्र निम्मं झालं, पण त्यावर पडलेली खिडकीची झळाळी पाव झाली! एकूण उजेड कमी, पण काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढला, आणि डोळ्याला तोच फरक आवडतो. तुमचे गिऱ्हाईक अगदी खरं सांगत होते.

उजेडाबद्दलही सांगते. दुप्पट निट्स (स्क्रीन किती उजेड देते त्याचं माप) म्हणजे दुप्पट उजळ असं आपल्या डोळ्याचं गणित नाही. मोठ्या पृष्ठभागाच्या बाबतीत दुप्पट उजळ *वाटायला* साधारण ८ पट प्रकाश लागतो. म्हणून ३०० निट्सचा टीव्ही आणि ६०० निट्सचा टीव्ही यांच्यात खोक्यावर वाटतो तेवढा फरक घरी वाटत नाही. पण उजेड वाढला की आणखी दोन गोष्टी होतात. तेच रंग जास्त गडद वाटतात, हे रंगशास्त्रज्ञ हंट यांनी १९५२ मध्ये मांडलं. आणि काळ्या-पांढऱ्यातला फरकही जास्त वाटतो, ते मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनी १९६३ मध्ये. म्हणजे बॅकलाइट कमी केला आणि बाबा म्हणाले "रंग गेला", तर त्यांना खरोखरच रंग गेल्यासारखा दिसतोय. रंगाची पट्टी कोणी हलवली नसली तरी.

---

कूलरसमोरची_खुर्ची | ११ मे, दुपारी ३:३०

मॅडम, आमच्याकडे वर्षातून दोन टीव्ही असतात असं म्हणायला हरकत नाही. आता मे महिन्यात दुपारी पडदे ओढलेले, खिडकीत कूलर, वाळ्याच्या ताट्या, हॉल एकदम गुहा. तेव्हा टीव्ही छान दिसतो. डिसेंबरात आई म्हणते ऊन येऊ दे, खिडक्या सताड उघड्या, आणि मग टीव्हीत मला माझंच तोंड दिसते. टीव्ही तोच, सेटिंग तीच.

---

एडिट_टेबल_प्रतापनगर | ११ मे, दुपारी ४:१०

खुर्चीभाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. मी गणित करून पाहिलं, समीरभाऊंनी पण वाचावं, कारण त्यात मला माझंच म्हणणं थोडं मागं घ्यावं लागून राहिलं.

धरून चला की बऱ्यापैकी एलईडी टीव्ही आहे, अंधारात पांढरा ३०० निट्स आणि काळा ०.१. म्हणजे ३००० ला १ कॉन्ट्रास्ट. आता हॉलमध्ये दिवसाचा उजेड ३०० लक्स (लक्स म्हणजे जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप), आणि स्क्रीन त्यातला २ टक्के उजेड चहूकडे परत फेकते. ३०० गुणिले ०.०२ भागिले पाय (३.१४), आले १.९ निट्स. हे १.९ सगळ्या स्क्रीनवर चढतात, काळ्यावरही. म्हणजे काळा आता २, पांढरा ३०२. ३००० चे झाले १५०.

आता त्याच हॉलमध्ये त्याच दुपारी अबोलीताईंचा फिल्ममेकर मोड लावा, पांढरा १०० निट्सच्या आसपास. कॉन्ट्रास्ट उरतो ५० च्या जरा वर. अबोलीताईंच्या बाबांना तो मोड आवडत नाही, ते दुपारी खरंच आहे, चित्र फिकंच दिसते.

आणि रात्री दिवे मालवून हॉलमध्ये १० लक्स असेल तर तोच १०० निट्सचा मोड हजाराला एकच्या घरात जातो. तेव्हा अबोलीताईंचं बरोबर. दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी बसतात.

---

समीर_बेसा | ११ मे, दुपारी ४:१६

हेच तर सांगून राहिलो न मी सकाळपासून!

---

एडिट_टेबल_प्रतापनगर | ११ मे, दुपारी ४:२८

नाही, तुम्ही म्हणत होते ज्याला जे आवडलं ते बरोबर. मी म्हणतो खोलीला जे शोभलं ते बरोबर. त्यात फरक आहे. रात्री बारा वाजता अंधारात व्हिव्हिड लावून कोणी म्हणालं मला हेच आवडतं, तर मी त्याला एक आठवडा दुसरं लावून पाहायला सांगीन आणि मग विचारीन.

---

धंतोली_चष्मा | ११ मे, संध्याकाळी ६:३५

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. सगळे खोलीबद्दल बोलताहेत, डोळ्याबद्दल कोणी बोललंच नाही.

अबोली, तुझ्या बाबांचं वय काय? साठीनंतर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आतलं भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे तू आणि बाबा एकाच सोफ्यावर बसून एकच टीव्ही पाहत नाही. त्यांना उजेड जास्त लागतो तो हट्ट म्हणून नाही. आणि पिवळं भिंग निळा रंग जास्त अडवतं, तेव्हा निळसर पांढरा त्यांना बरा वाटत असेल तर नवल नाही. माझ्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले पेशंट येतात ते पहिल्या आठवड्यात हमखास सांगतात, मॅडम घरातल्या भिंती इतक्या पांढऱ्या होत्या का हो?

पण उलटंही होतं. मोतीबिंदू सुरू झाला की आत प्रकाश विखुरतो, मग फार उजळ स्क्रीनने दिपल्यासारखं होतं. ते काय सांगतात ते नीट ऐक, आणि वर्षभरात तपासणी झाली नसेल तर एकदा करून घ्या.

उजळ टीव्हीने डोळे खराब होत नाहीत, ही भीती काढून टाका. चुरचुरतात ते आपण पापण्या कमी मिटतो म्हणून, आणि खोली काळोखी व स्क्रीन लख्ख असली की जास्तच. टीव्हीच्या मागे भिंतीवर एक मंद पांढरा दिवा लावून पाहा, रात्री फार आराम पडतो. दिवा टीव्हीच्या पाठीमागे पायजे, समोर नाही, नाहीतर स्क्रीनवर चमकेल.

---

फिजिक्स_मॅडम | ११ मे, संध्याकाळी ७:०५

मागच्या दिव्याचा आणखी एक फायदा. आजूबाजूला अंधार असला की चित्रातला कॉन्ट्रास्ट डोळ्याला कमी वाटतो, आजूबाजूला थोडा उजेड असला की जास्त वाटतो. हे १९६७ मध्ये बार्टलसन आणि ब्रेनमन या संशोधकांनी दाखवलं. म्हणून थिएटरसाठी गॅमा (चित्राचा कॉन्ट्रास्ट किती चढा ठेवायचा तो आकडा) २.६, मंद उजेडातल्या टीव्हीसाठी २.४ आणि उजेडातल्या कॉम्प्युटरसाठी साधारण २.२ धरतात. चित्र एकच, तीन खोल्यांसाठी तीन शिवण्या.

आणि थिएटरच्या पडद्यावर पांढरा किती असतो माहीत आहे? ४८ निट्स. तुमच्या मोबाइलपेक्षा कितीतरी कमी. तरी तिथे कोणी म्हणत नाही की अंधुक आहे, कारण तुलना करायला शेजारी काहीच नाही.

---

पोट्टा_अजनी | ११ मे, रात्री ८:२०

विषय थोडा वळवतो. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर पीडीएफ. सगळे मित्र म्हणतात डार्क मोड लाव, डोळ्यांना चांगला आणि बॅटरी पण वाचते. मी लावतो पण मराठी वाचताना अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. हे मलाच होते का?

---

धंतोली_चष्मा | ११ मे, रात्री ८:५०

तुलाच नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं असली की बाहुली मोठी होते, आणि मोठ्या बाहुलीत डोळ्याचे बारीकसारीक दोष जास्त उघडे पडतात. ज्यांना सिलिंडरचा नंबर (डोळ्याच्या गोलाईतला दोष) आहे त्यांना अक्षरांभोवती धुरकट कड दिसते. जर्मनीत २०१३ मध्ये तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांवर प्रयोग झाला होता, दोघांनाही पांढऱ्यावर काळी अक्षरंच वाचायला बरी पडली. आणि आपल्या देवनागरीत शिरोरेघा, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, सगळं बारीक काम. कड पसरली की "ष" कुठला आणि "प" कुठला.

रात्री पांढरी स्क्रीन टोचत असेल तर उजेड कमी कर, उलटा रंग करायची गरज नाही. आणि टेबल लॅम्प चालू ठेवून वाच. सिलिंडरचा नंबर आहे का तेही एकदा पाहून घे.

---

मिहान_कोडर | ११ मे, रात्री ९:१५

बॅटरीचं खरं आहे पण अर्धंच. ओएलईडी स्क्रीन असेल तरच, कारण त्यात काळा म्हणजे पिक्सेल बंद. साध्या एलसीडीत मागचा दिवा जळतच राहतो. आणि ओएलईडीतही २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात मोजलं होतं, उजेड ३०-५० टक्क्यांवर असेल तर डार्क मोडने वाचणारी वीज ३ ते ९ टक्केच. फुल उजेडावर मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे रात्री कमी उजेडावर वाचणाऱ्याला बॅटरीसाठी डार्क मोड लावायचं काही कारण नाही.

माझी एक तळमळ पण सांगून टाकतो. आजकाल पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची फॅशन आली आहे. वेबसाइटचा नियम सांगतो की अक्षर आणि मागचा रंग यात किमान ४.५ ला १ फरक पायजे, काळं-पांढरं असेल तर तो २१ ला १ होतो. डिझाइनवाले स्वतःच्या भारी मॉनिटरवर एसीत बसून पास करतात, आणि तेच पान आमच्या आजीने अंगणात उघडलं की कोरं दिसते. मी दर मीटिंगमध्ये ह्यावरून वाद घालतो आणि घालत राहीन.

---

डिलिव्हरी_दादा | ११ मे, रात्री १०:४०

कोडरभाऊ, अंगणाचं सोडा, मेमध्ये दुपारी दोन वाजता व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबून मॅप पाहून दाखवा. उन्हात फुल ब्राइटनेस करा, तर पाच मिनिटांत फोन इतका गरम होते की तोच स्वतःहून उजेड कमी करते. जेव्हा सगळ्यात जास्त पायजे तेव्हाच कमी. मी वैतागून गॉगल घेतला, तर फोन आडवा धरला की स्क्रीन एकदम काळी! आधी वाटलं फोन गेला.

आता उपाय सापडला. दुपट्ट्याची सावली करून पाहतो, मॅप पांढरा ठेवतो, डार्क नाही.

---

फिजिक्स_मॅडम | ११ मे, रात्री १०:५५

दादा, फोन ठीक आहे. तुमचा गॉगल पोलराइज्ड आहे, स्क्रीनमधून येणारा प्रकाशही पोलराइज्ड असतो, दोघांची दिशा आडवी-उभी झाली की सगळा प्रकाश अडतो. उभा धरून पाहा. आणि दुपट्टा हा अगदी बरोबर उपाय. भर उन्हात एक लाख लक्स असतात, तिथे फोनचा उजेड वाढवून जिंकता येत नाही, ऊनच कमी करावं लागतं.

पाणी पीत जा मध्ये मध्ये.

---

सोसायटी_सेक्रेटरी | १२ मे, सकाळी ८:३०

उन्हाला हरवता येत नाही ह्याचा अनुभव आमच्या पूर्ण सोसायटीने घेतला आहे. १९ नोव्हेंबर २०२३, वर्ल्ड कपची फायनल. वर्गणी काढून प्रोजेक्टर भाड्याने आणला, पार्किंगमध्ये पांढरा पडदा, खुर्च्या, सांबारवडीचा ऑर्डर. मॅच दुपारी दोनला सुरू. पडद्यावर काय, नुसत्या पांढुरक्या सावल्या. आम्ही ब्राइटनेस वाढवून राहिलो, वाढवून राहिलो, तर अजूनच धुकं. भारताची पूर्ण बॅटिंग आम्ही कॉमेंटरी ऐकून काढली, २४० ला ऑल आउट. साडेपाचनंतर अंधार पडायला लागला आणि चित्र एकदम काचेसारखं झालं. हेडचे १३७ आम्हाला एकेक रन स्वच्छ दिसले.

पिक्चरट्यूबकाका, तुमची पोस्ट तेव्हा वाचली असती तर किमान ब्राइटनेसला हात लावला नसता.

---

जुनी_पिक्चरट्यूब | १२ मे, सकाळी ९:१०

प्रोजेक्टर काळा फेकू शकत नाही न. पडद्यावरचा काळा म्हणजे पडद्यावर जेवढा बाहेरचा उजेड पडला तेवढा. दुपारी पडदा पांढरा, तर काळा पण पांढराच. दुपारच्या मॅचला मोठा टीव्हीच बरा, छोटा दिसला तरी चालते.

---

तर्रीपोहा | १२ मे, सकाळी ९:२४

सेक्रेटरीभाऊ, पुढच्या फायनलला वर्गणी आधी ताडपत्रीची काढा. सांबारवडी मी आणतो.

---

खामला_एचडीआर | १२ मे, दुपारी १२:१५

माझा एक प्रश्न राहिला. साधं चॅनेल दुपारी ठीक दिसतं, पण एचडीआरचा (जास्त उजळ आणि जास्त गडद दाखवणाऱ्या नव्या पद्धतीचा) सिनेमा लावला की त्याच वेळी अंधारलेला दिसतो. एचडीआर म्हणजे जास्त उजळ न? मग उलटं काहून?

---

एडिट_टेबल_प्रतापनगर | १२ मे, दुपारी १:४०

साध्या व्हिडिओत आकडे सापेक्ष असतात. "पूर्ण पांढरा" म्हटलं की तुमचा टीव्ही जेवढा देईल तेवढा, म्हणून बॅकलाइट वाढवून दुपार सांभाळता येते. एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन ह्या एचडीआरच्या प्रकारांत आकडा ठोक असतो, ह्या ठिपक्याला इतकेच निट्स. साध्या पांढऱ्या गोष्टी २०० निट्सच्या आसपास ठेवतात आणि वरची सगळी जागा ऊन, दिवे, चमक यांच्यासाठी राखून ठेवतात. टीव्हीचा दिवा आधीच फुलवर, मग हॉलसाठी वाढवायला उरलं काय? म्हणून दुपारी एचडीआर बुडतो. काही टीव्हींत खोलीचा उजेड मोजणारा सेन्सर असतो, तो चालू करा. नसेल तर पडदे ओढा, रात्री बघा.

माझी एक चूक पण सांगतो, ह्याच विषयातली. सुरुवातीला मी रात्री अंधारात मॉनिटर फुल उजेडावर ठेवून एडिटिंग करायचो. मला संगीतचे सीन झगझगीत वाटायचे म्हणून मी ते खाली ओढायचो. गिऱ्हाईकाच्या टीव्हीवर गेले तर नवरी अंधारात. एका आईने मला फोन करून विचारलं, माझ्या मुलीचा चेहरा का काळवंडला? तेव्हापासून मॉनिटर १०० निट्सवर, मागे भिंतीला दिवा, आणि फाइल देण्याआधी एकदा आमच्या हॉलमधल्या साध्या टीव्हीवर भर दुपारी पाहतो. समीरभाऊ, हा तुमच्या मुद्द्याचा मान समजा.

---

समीर_बेसा | १२ मे, दुपारी २:०५

मान स्वीकारला भाऊ. आणि मी पण काल रात्री सात दिवसांची पैज घेतली स्वतःशी, व्हिव्हिड बंद. पहिल्या दिवशी पिवळं, खरंच पिवळं. सांगतो पुढे.

---

अबोली_मनीषनगर | १७ मे, रात्री १०:३०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, प्रयोग चालू होता.

आधी ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट पिक्चरट्यूबकाकांच्या पद्धतीने, केस आणि कॉलर पाहून लावला. मग टीव्हीत दोन सेटिंग बनवल्या. "दुपार" म्हणजे बॅकलाइट पूर्ण, पण रंग व्हिव्हिडचे नाही. "रात्र" म्हणजे फिल्ममेकर आणि टीव्हीमागे दिव्याची पट्टी. बाबांना न सांगता दुपारची सेटिंग लावून ठेवली. तीन दिवस काहीच बोलले नाहीत, चौथ्या दिवशी म्हणाले आज टीव्ही बरा दिसतो. आईने तर सीरियलमधल्या साडीचा रंग पाहून सांगितलं की अस्सं, ही रामा ग्रीन आहे, मला इतके दिवस हिरवी वाटत होती. (महालच्या काकू, नोंद घ्या.)

डोळ्यांची तपासणी पण झाली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, आत्ता काही करायचं नाही म्हणाले, सहा महिन्यांनी परत. चष्मेवाल्या ताई, तुमचे मनापासून आभार.

पण रात्रीची सेटिंग बाबांना अजूनही नाही आवडत. मी काल पहिल्यांदा भांडायच्या ऐवजी विचारलं की बाबा, तुम्हाला नेमकं काय नाही दिसत? ते म्हणाले तुझ्या त्या लोकांना मीच लिहितो. खाली त्यांच्याच शब्दांत, मी फक्त टाइप केलं आहे.

"नमस्कार. मी अबोलीचा बाबा. वय ७१. मला रंगाचं काही नाही, हिरवळ हिरवी दिसली काय अन् पोपटी दिसली काय. मला मॅचमध्ये खालचा स्कोअर वाचता यायला पायजे. कोण खेळून राहिला, किती बॉल राहिले. ते बारीक अक्षर उजेड कमी केला की मला मिटल्यासारखं होते. दुसरं म्हणजे बॉल. उंच कॅच उडाला की तो पांढरा बॉल मागच्या लोकांत हरवते. व्हिव्हिडवर तो मला सापडते. म्हणून मी रिमोट घेतो. पोरीला वाटते बाबाला भडक आवडते."

तीन आठवड्यांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं.

---

जुनी_पिक्चरट्यूब | १७ मे, रात्री १०:५२

साहेब, नमस्कार. तुमची खुर्ची टीव्हीपासून किती फुटांवर आहे?

---

अबोली_मनीषनगर | १७ मे, रात्री १०:५८

बाबांनी आत्ताच मोजायला लावलं. तेरा फूट. पुढे का घेत नाही म्हटलं तर म्हणतात, कूलरची हवा तिथपर्यंतच येते.

---

जुनी_पिक्चरट्यूब | १७ मे, रात्री ११:०३

मग पहिले कूलर सरकवा ताई. खुर्ची आठ फुटांवर आली की अक्षर दीडपटीहून मोठं दिसते, ते कोणत्याच बटणाने होत नाही. मॅचपुरता रात्री पण दुपारचा मोड ठेवा, मॅच संपली की तुमचा. अन् पावसाळा लागला, कूलर निघाला, की परत सांगा खिडकीचा उजेड कुठून येते ते, तेव्हा परत बघू.